डावी बाजू तिची

संघात तिला सगळे टाचणी म्हणत. अंगकाठी तशी, आणि बोलणंही तसंच. अकरा वर्षं ती देशाकडून हॉकी खेळली, आणि त्या अकरा वर्षांत मी तिचा चेहरा पाहिला त्याहून जास्त तिची पाठ पाहिली. मी गोलकीपर. एरवी गोलकीपरला कोणी हिंग लावून विचारत नाही. गोल झाला की मात्र सगळ्यांना माझी आठवण येते.

टाचणीचं काम सांगते, म्हणजे माझी धाकधूक कळेल. समोरच्या संघाला पेनल्टी कॉर्नर मिळाला की आम्ही पाच जणी मास्क चढवून गोलाच्या रेषेमागे उभ्या राहायचो. गोलाच्या बाजूने चेंडू बाहेर ढकलला जातो, गोलासमोरच्या वर्तुळाच्या कडेशी त्यांच्यातली एक जण तो अडवते आणि त्यांची सगळ्यात दणकट खेळाडू तो गोलाकडे भिरकावते. चेंडू दगडासारखा. तेवढ्या वेळात आमच्यातल्या एकीने त्या फटक्याच्या तोंडावर सरळ धावत जायचं. शहाणी माणसं अंगावर चेंडू आला की बाजूला होतात. ही बाई स्वतःहून त्याच्या अंगावर जायची.

गोलाची डावी बाजू तिची, उजवी माझी, अशी आमची वाटणी. बाकीच्या तिघी माझ्या अंगावरून उडालेल्या चेंडूसाठी. वाटणी एकदाच ठरली, पुन्हा बोलावी लागली नाही. तिची पाठ सरळ जाताना दिसली की मी बिनघोर उजवीकडे झेपावायची.

तिचे वडील बस आगारात मेकॅनिक. आगारामागच्या डांबरी जागेत ती भावांबरोबर खेळायला शिकली, आणि धाकटी म्हणून कॉर्नरला पुढे धावायचं काम तिच्याच गळ्यात पडलं. ते काही सुटलं नाही. पुढे खेळाडूंच्या कोट्यातून पाणीपुरवठा कार्यालयात नोकरी लागली, तक्रारींच्या टेबलावर. ती म्हणायची, खिडकीशी येऊन ओरडणाऱ्या लोकांपेक्षा चेंडू परवडला, तो एकदाच लागतो. तिची आई टीव्हीकडे पाठ करून सामना ऐकायची. कॉर्नर आला की स्वयंपाकघरात जायची आणि तिथून विचारायची, झाला का तो? लागलं का हिला? गोल झाला का, हे त्या माउलीने कधीच विचारलं नाही.

संघातल्या नवव्या वर्षी, सरावाच्या सामन्यात, चेंडू मास्कच्या कडेखालून घुसला आणि तिचा जबडा मोडला. सहा आठवडे तोंड तारांनी बांधलेलं, पातळ अन्न नळीने ओढायचं. चार महिन्यांनी परत आली तेव्हा भाऊ म्हणाले, घरात एवढी शांतता आम्ही जन्मात अनुभवली नव्हती. सगळे हसलो. तीही हसली, तोंड जपून.

पहिल्याच कॉर्नरला मला दिसलं. चौथ्या पावलाला तिचा खांदा झुकला आणि ती उजवीकडे सरकली. वीतभर. बाकी कोणाला कळण्यासारखं नव्हतं, पण माझ्या डावीकडे फट पडली होती.

त्या दिवसापासून कॉर्नरची शिट्टी वाजली की मी आधी तिचा खांदा बघायची. मी बोलले असते तर ती संघातून गेली असती. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून तिची फट मीच थोडी थोडी सांभाळू लागले, आणि मग मला दोन्हीकडे उशीर व्हायला लागला. दोन वर्षांत डावीकडून सात गोल झाले. आमच्या प्रशिक्षक सरांनी सामन्यांचं चित्रण लावून विचारलं, डावीकडे काय होतंय? मी म्हणाले, माझा पाय उशिरा निघतो. माझ्या जागेवर यायला सहा वर्षांनी लहान मुलगी टपून बसलेली, आणि मी आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेत होते. टाचणी शेजारीच बसली होती, बुटाची बांधलेली नाडी सोडून पुन्हा बांधत. तिला सगळं कळलं होतं. मला तिची काळजी वाटायची आणि तिचा संतापही यायचा, बहुतेक वेळा एकदमच.

मग पात्रता फेरीचा सामना आला. जिंकलो तर सगळ्यात मोठ्या स्पर्धेत, जिथे आम्ही दोघी कधीच पोचलो नव्हतो. वय पाहता ही शेवटची गाडी. बरोबरी झाली तर गुणांवर समोरचा संघ जाणार होता. आम्ही एका गोलाने पुढे होतो, चाळीस सेकंद उरले होते आणि त्यांना कॉर्नर मिळाला.

टाचणीने मास्कचा पट्टा ओढला. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "माझ्यावर विसंबू नकोस."

"म्हणजे?"

"मी वळते गं. जबडा मोडल्यापासून दर वेळी वळलेय. आताही वळणार. उजवीकडे मी आपोआप येते, तू डावीकडे जा."

"बरं," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? खरं सांगते, दोन वर्षांत पहिल्यांदा मला कुठे जायचं ते ठाऊक होतं. माझे खांदे सैल झाले.

चेंडू ढकलला गेला आणि ती सुटली. तिच्या तिसऱ्या पावलालाच मी डावीकडे झुकले. चौथं पाऊल पडलं, आणि तिचा खांदा हललाच नाही. बोलून टाकलं तशी तिची भीतीही गेली असावी, कारण ती विशीत धावायची तशी सरळ धावत गेली. डावीकडे आम्ही दोघी होतो. उजवीकडे कोणी नव्हतं, आणि फटका मारणारीला ते दिसलं.

गोलातल्या मागच्या फळीवर चेंडू आदळला तो आवाज मी पडल्या पडल्या ऐकला. त्यांच्या पोरी ओरडत एकमेकींच्या गळ्यात पडल्या. टाचणी मात्र मास्क वर सारून माझ्याकडे धावत आली. धाप लागलेली, डोळे भरलेले, आणि चेहऱ्यावर असा आनंद की मला बघवेना.

"वळले नाही गं मी," ती म्हणाली. "पाहिलंस ना?"

माझ्यामागचा चेंडू तिने अजून पाहिला नव्हता.

"पाहिलं," मी म्हणाले.