आधी जेवू दे त्याला

जगातली कुठलीही वस्तू कधी बिघडत नाही, ती एकतर उपाशी असते नाहीतर रुसलेली असते, यावर माझ्या शेजारच्या दुकानातल्या आबांचा जेवढा विश्वास होता तेवढा भल्याभल्यांचा देवावर नसेल. जळगावात माझं टायपिंगचं आणि लग्नपत्रिकांचं दुकान. त्याला भिंतीला भिंत लावून आबांचं मोटारी भरायचं. यावल-रावेरकडच्या केळीच्या बागांमधून जळलेल्या पाण्याच्या मोटारी यायच्या, आबा त्यांना नवी तांब्याची तार भरून द्यायचे, आणि त्यांच्या वार्निशच्या वासाने माझ्या पत्रिकांवरचे गणपतीसुद्धा एक दिवस शिंकतील असं मला वाटायचं. आबा मूळचे धुळ्याचे. चाळीस वर्षं जळगावात काढली, पण त्यांची बोली काही वाटेतल्या पारोळ्याच्या अलीकडे आली नाही.

मोटार घेऊन आलेल्या माणसाला ते आधी पाणी द्यायचे आणि मग फैलावर घ्यायचे. "काय खाऊ घालं व्हतं तू हिले?" बिचारा गोंधळायचा. मग आबा त्याला समजावायचे की तीन फेज म्हणजे मोटारीच्या तीन भाकऱ्या, तू दोनच फेजवर चालवलीस, म्हणजे अर्धपोटी राबवलीस, मग ती जीव देणार नाही तर काय करेल! माणूस मान खाली घालून जायचा, जणू सासुरवास केल्याबद्दल पंचांनी झापलं असावं. आबांची दुसरी खोड म्हणजे पेचकस, आपला स्क्रू-ड्रायव्हर. त्याची मूठ कानाला लावायची, टोक यंत्रावर टेकवायचं आणि डोळे मिटून आतलं ऐकायचं. मोटारीचं बेअरिंग असं तपासतात हे मान्य, पण आबा भिंतीवरचं घड्याळ, माझा फ्रिज, उभी असलेली एसटी, सगळ्यांना पेचकस लावायचे. एकदा मला खोकला झाला होता, तर हे पेचकस घेऊन हजर! मी ओरडले तेव्हा कुठे तो खिशात गेला. आणि तोंड? ते तर अखंड चालू. हिशेबाच्या वहीशी बोलतील, तारेशी बोलतील. त्यांना तासन्‌तास गप्प बसलेलं मी एकदाच पाहिलं, त्याचीच ही गोष्ट आहे.

तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात आबा माझ्या दुकानात आले ते शर्टाच्या खिशावर हात धरून. खिशातून निघालं हाताच्या मुठीत मावेल एवढं आवाज भरायचं यंत्र. धुळ्याला त्यांची थोरली बहीण, अक्का. भावकीतली एकही हळद अक्कांच्या गाण्यांशिवाय लागली नव्हती. आबांनी हौसेने हे यंत्र घेऊन कधीतरी त्यांची अकरा गाणी भरून ठेवली होती. नंतर अक्कांना अर्धांगवायू झाला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. आता आठ दिवसांवर त्यांच्या नातीची हळद आली होती. आबांचं म्हणणं एकच, "अक्काना गानाबिगर पोरले हळद लागाव नही." यंत्राचा स्वतःचा आवाज केव्हाच मेला होता, म्हणून गाणी माझ्या कॉम्प्युटरवर उतरवायची होती. मी म्हटलं, "आबा, तुम्ही एवढी यंत्रं उघडता, हेही उघडून बघा ना." तर ते दोन पावलं मागे सरकले. "ना बेटा. याले मी पेचकस लावाव नही. आतमा अक्का शे."

मी म्हटलं, पाच मिनिटांचं काम. वायर जोडली, आणि माझा कॉम्प्युटर जागच्या जागी थिजला. माउसचा बाण हलेना, पडद्यावरचं घड्याळ पुढे सरकेना. वायर काढली, बंद करून चालू केला, पुन्हा जोडली, पुन्हा तेच! वायर बदलली, पुढचं भोक सोडून मागच्या भोकात घातली, अँटिव्हायरस बंद केला, इंटरनेटवर कुणी कुणी सांगितलेले सगळे उपाय केले. चार दिवस हेच चाललं होतं आणि लग्नसराईतल्या माझ्या पत्रिका खोळंबल्या होत्या. वैताग आला नुसता. शेवटी एका कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. त्याने खुर्चीत नीट बसायच्या आधीच निदान केलं, "ताई, त्या यंत्रातलंच काहीतरी खराब आहे. ते सगळं पुसून टाकू, कोरं केलं की मस्त चालेल." आबांनी यंत्र असं काही छातीशी घेतलं की तो माणूस चहा न घेताच गेला. मला मनातून फार अपराधी वाटलं, कारण आदल्या दिवशी थिजायच्या आधी पडद्यावर 'पुसून कोरं करू का' असाच प्रश्न उमटला होता आणि घाईत माझं बोट 'हो' वर जाता जाता राहिलं होतं. हे मी आबांना अजून सांगितलेलं नाही.

तो गेल्यावर आबांनी खिशातून पेचकस काढला. "आते मी दखस," म्हणाले, आणि टोक माझ्या कॉम्प्युटरच्या डब्यावर टेकवून कान लावून बसले. मला म्हणाले, लाव वायर. मी लावली. आबांचे डोळे उघडले. "दम लागना त्याले! आतला पंखा बसना, ऐक." मी कान लावला. खरंच, वायर लागताच पंख्याचा आवाज खाली यायचा. आबा खुशीत येऊन समजावायला लागले. मळ्यातली मोटार सुरू झाली की घरातला दिवा कसा बारीक होतो, तसंच हे. वर्षभर आबांच्या ट्रंकेत पडून ते यंत्र ठार उपाशी झालं होतं. जोडलं रे जोडलं की माझ्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरच्या ताटातलं ओरबाडून घ्यायचं, आणि कॉम्प्युटर बापडा तोंड वासून बसायचा. "भुक्या पाहुनाले गोष्टी इचारू नही, बेटा. आधी जेवू दे त्याले." इतकी शिकलेली मी, चार दिवस त्या उपाशी पाहुण्याला दारातच गावच्या गोष्टी विचारत होते!

मग ते यंत्र मोबाइलच्या चार्जरला लावून आबांच्या दुकानातल्या फळीवर, त्यांच्या डब्याशेजारी दिवसभर जेवायला बसलं. दुसऱ्या दिवशी वायर जोडली. बाण पुन्हा थांबला. माझा हात बटणाकडे गेला तसं आबांनी मनगट धरलं. "हात लावू नको. जेवन व्हयनं, आते पान खाई राहिना." दोघं पडद्याकडे बघत बसलो. मिनिट गेलं, दोन गेली, आणि पडद्यावर एकाखाली एक अकरा गाणी उमटली. आबांनी कॉम्प्युटरला आणि यंत्राला, दोघांना नमस्कार केला. मीही केला, खोटं कशाला बोलू!

गाणी ऐकली तर काय, प्रत्येक गाण्यात आबा! "अक्का, जराखं जोरमा म्हन." "चालू शे का नही हाई?" "थांब, कोंबडी उनी." अक्कांचा आवाज असा गोड आणि खणखणीत, अन् मध्येमध्ये ही कटकट. आबा स्वतःच ओशाळले. "मन्ही बठ्ठी बडबड काढी टाक, बेटा. नुसती अक्का ठेव." मी कापायला बसले. तीन गाणी साफ केली. चौथ्यात आबा म्हणाले, "जोरमा म्हन," आणि अक्का गाणं थांबवून कडाडल्या, "तू गप ऱ्हाय ना, बारक्या!" लगेच स्वतःच हसल्या आणि पुढची ओळ उचलली. माझा हात थांबला. सत्तरीला टेकलेल्या या माणसाला बारक्या म्हणणारं जगात एकच माणूस, आणि तेही आता बोलू शकत नाही. मी कापलेलं सगळं परत जागेवर ठेवलं आणि आबांना काही बोलले नाही.

हळदीला मी धुळ्याला गेले. अंगणात मांडव, नवरी पाटावर, अक्का खुर्चीत, मांडीवर शाल. पहिलं गाणं लागलं आणि बायका अक्कांकडे वळून बघायला लागल्या. आबांची कटकट ऐकू आली तशी सगळीकडे खसखस पिकली, आबा माझ्याकडे डोळे वटारून बघायला लागले. आणि मग चौथं गाणं. "तू गप ऱ्हाय ना, बारक्या!" मांडवभर हशा. अक्का तोंडाच्या अर्ध्या बाजूने हसल्या, खदखदून हसल्या, आणि डाव्या हाताने आबांकडे बोट दाखवत राहिल्या. आबा मात्र हसले नाहीत. त्यांच्या हातातली हळदीची वाटी तशीच राहिली, आणि त्यानंतर संध्याकाळपर्यंत तो माणूस एक अक्षर बोलला नाही.

त्या पावसाळ्यात आबांनी दुकान दुसऱ्याला दिलं आणि ते धुळ्याला अक्कांजवळ राहायला गेले. जायच्या आधी महिनाभर रोज चहा झाला की माझ्या दुकानात येऊन बसायचे. "लाव, बेटा." मी चौथं गाणं लावायचे. अक्का रागवायच्या, आबा आज्ञाधारकपणे तोंड मिटायचे, आणि उठून जायचे. आता शेजारी मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. वार्निशचा वास येत नाही, आणि इतकी वर्षं त्या वासावर मी जो त्रागा केला त्याची मला आता लाज वाटते. माझा कॉम्प्युटर अजून तोच आहे. काही जोडलं की थिजतो. गिऱ्हाईक म्हणतं, ताई, नवा घ्या. मी मांडीवर हात ठेवून म्हणते, थांबा हो, जेवतोय तो.

मागच्या महिन्यात धुळ्याला आबांकडे जाऊन आले. अक्कांची वाचा काही परत आलेली नाही. पण आबांची बडबड फार वाढली की त्या डावा हात उचलतात आणि आपल्या ओठांवर बोट ठेवतात. आबा लगेच गप्प होतात. मग माझ्याकडे वळून हळूच सांगतात, "ऐकं ना? बारक्या म्हने माले."