मिठाच्या पाण्यातले जाम

आमच्या नंदाखाल गावातल्या वाडीत दोन भावांची दोन घरं आहेत आणि मधे कुंपण. इकडे मी थोरली, तिकडे धाकटी जाऊ. पांढऱ्या जामाची झाडं दोन्हीकडे. फळमाशी जामाला टोचून आत अंडी घालते, अळ्या होतात आणि फळ गळून पडतं. मी सकाळी उठले की पडलेले जाम वेचून खड्ड्यात पुरते. जाऊ वेचत नाही. तिच्या झाडाखाली सडा असतो.

यंदा उन्हाळ्यात शहराकडच्या एव्हरशाईन सिटी वसाहतीतली एक मुलगी स्कूटरवरून यायला लागली. ती या माशीवर संशोधन करते. तिला किडके जाम हवे होते, आतल्या अळ्यांसकट. आधी ती माझ्याकडेच आली. झाडाखाली वाकून बघितलं आणि म्हणाली, "काकी, तुमच्याकडे तर एकही पडलेला नाही हो." मग ती कुंपणापलीकडे गेली. झाडलोटीचं हे फळ मला मिळालं.

त्यानंतर ती आली की जावेच्या ओटीवर. चहा, गप्पा, हसणं. मी कुंपणाशी मोगऱ्याच्या कळ्या काढत ऐकत राहायची.

मुलगी सांगायची, माशीच्या अंगात तिच्या कुळाची खूण असते आणि ती वाचता येते. चांदीप गावाकडची माशी आणि आपली माशी एका कुळातली की वेगळी, ते त्यावरून कळतं. बाहेरच्या काही देशांत तर माशीची अशी जात तयार केली आहे, की कोषाच्या रंगावरूनच नर-मादी ओळखू येतात. माद्यांचे कोष काढून टाकायचे आणि नरांना वांझ करून शेतात सोडायचं. रानातली मादी त्याच्याशी जुळली की तिची अंडी फुकट.

"म्हणजे तिथेही पोरी आधीच बघून काढतात?" जाऊ म्हणाली. "आणि काय गं, नरसुद्धा वांझ असतो?"

"असतो की, काकी."

माझा हात कळीवरच थांबला. वांझ हा शब्द आमच्याकडे बाईलाच लावतात. मला लावलेला मी त्याच ओटीवरून ऐकला आहे. ही मुलगी तो किती सहज नराला लावत होती. जावेला दोन मुलं आहेत, बारावीपर्यंतचं शिक्षण आहे, चारचौघांत बोलता येतं. निदान ही मुलगी तरी माझ्या ओटीवर बसावी, असं मला फार वाटलं.

पुढच्या खेपेला मी किडके जाम पुरले नाहीत, तिच्यासाठी ठेवले. पण देताना हात अडला. आमच्याकडे कुणाला जाम द्यायचा तर कापून मिठाच्या पाण्यात टाकतात, अळ्या बाहेर येतात, मग धुऊन देतात. मी तसंच केलं आणि डबा कुंपणावरून पुढे धरला.

तिने झाकण उघडलं. "काकी, अळ्या कुठेत?"

"काढल्या," मी म्हटलं.

जाऊ खांब धरून हसायला लागली. "वहिनींनी किड्यांना आंघोळ घातली गं!"

मुलगी हसली नाही. "ते पाणी आहे का अजून?" तिने विचारलं. मी पातेलं आणलं. तिने चिमट्याने मेलेल्या अळ्या वेचून बाटलीत घातल्या. "खूण वाचायला मेलेल्याही चालतात. वाढवायला मात्र जिवंत लागतात." बाटलीवर तिने लिहिलं, 'थोरल्या काकींची वाडी'. जावेचं हसणं थांबलं होतं.

नंतर मुलगी आली, तर जावेच्या ओटीवर मिठाच्या पाण्याचं पातेलं तयार. झाडाखालचा सडाही गायब. "घे," जाऊ म्हणाली, "सगळ्या काढून ठेवल्यात."

मुलीने कपाळाला हात लावला. "अहो काकी, आज जिवंत हव्या होत्या!"

माझ्या पडवीत टोपलीभर किडके जाम होते, वर जुन्या लुगड्याचं फडकं बांधलेलं. ती स्कूटरकडे वळली तेव्हा कसंबसं म्हटलं, "माझ्याकडे आहेत." आवाज मलाच मोठा वाटला.

ती माझ्या ओटीवर बसली. मी चहा टाकायला आत गेले आणि खिडकीतून पाहिलं. जाऊ कुंपणाशी उभी राहून मोगऱ्याच्या कळ्या काढत होती. कळ्या नव्हत्याच. त्या मी सकाळीच काढल्या होत्या.