पहिलं बोलायचा मान

तीन पत्तीत सगळ्यात वाईट काय येतं, असं मला कुणी विचारलं तर मी दहाची जोडी म्हणेन. तीन एक्के आले तर माणूस कुठंही बसलेला असो, जिंकतो. काहीच आलं नाही तर पत्ते टाकून मोकळा होतो. दहाची जोडी मात्र धड टाकवत नाही आणि धड खेळवत नाही. त्यात पहिलं बोलायचं असेल तर मरणच.

बहात्तरच्या दुष्काळानंतर मी झरीला मास्तर होतो. तहसिलीतून निवृत्त झालेले एक कारकून गावात राहायचे. शिक्षण उर्दूतलं, बोलणं गोड. सगळे त्यांना काका म्हणायचे. रविवारी दुपारी त्यांच्या बैठकीत आमचा डाव बसायचा. काका, दवाखान्यातला कंपाउंडर, ग्रामसेवक, खताचा दुकानदार आणि मी. चाल चार आण्याची.

पत्ते काकांचे, म्हणून पिसायचे आणि वाटायचेही त्यांनीच. त्यांच्या डाव्या हाताला बसलेल्यानं पहिलं बोलायचं, म्हणजे चाल करायची की पत्ते टाकायचे ते आधी सांगायचं. ती जागा दारात होती, सतरंजीच्या टोकाला. पहिल्याच दिवशी काका म्हणाले होते, "इथं बसा गुरुजी, वारं लागतंय." मी बसलो. दीड वर्ष तिथंच बसलो. माझे वडील बौद्ध झाले तेव्हा मी शाळेत होतो. कोण कुठं बसतो हे मला न कळायला मी काही तान्हं बाळ नव्हतो. पण वारं खरंच लागायचं, आणि काका खरंच गोड बोलायचे.

पत्ते वाटून झाले की ते म्हणायचे, "बोला गुरुजी, अव्वल मान तुमचा."

आणि मी दहाची जोडी धरून बोलायचो. चाल वाढवली की हलक्या पत्त्यांचे सगळे टाकून मोकळे व्हायचे, माझ्यापेक्षा भारी असलेला तेवढा मागं उरायचा. साधी चाल केली की सगळेच घुसायचे आणि त्यातला कुणीतरी मला कापायचा. काकांच्या उजव्या हाताला, भिंतीशी, कंपाउंडर बसायचा. तो आमचं तिघांचं ऐकून मग बोलायचा, त्याच्यामागं फक्त काका, आणि फुटकळ जोडीवरसुद्धा रुपया दोन रुपये खिशात घालायचा. काका मला म्हणायचे, "गुरुजी, तुमाला पत्ते येतात, खेळ येत न्हाई." सगळे हसायचे. मीही हसायचो, आणि सायकलवर घरी जाताना स्वतःलाच शिव्या द्यायचो. मी खरंच बिनडोक खेळतो का, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं.

एका रविवारी हे सगळं बायकोला सांगितलं. तिला पत्त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "मग रोज तुमीच का बसता दारात? दुसऱ्याला बसवा की."

मला तिचा राग आला. बरोबर बोलली म्हणून आला.

पुढच्या रविवारी मी म्हणालो, "काका, आजपासून पत्ता ओढून जागा ठरवू. मोठा पत्ता भिंतीशी, लहान दारात. तुमी वाटणारे, तुमची जागा तीच."

दुकानदार म्हणाला, "चालंल की." भिंतीशेजारी आतलं दार होतं. काकू चहाचा ट्रे तिथून द्यायच्या. भिंतीशी बसलेल्यानं तो घ्यायचा आणि एकेक कप पुढं द्यायचा. माझ्यापर्यंत चहा सगळ्यात शेवटी यायचा, माझ्या हातून पुढं कुणाला द्यायचा उरायचाच नाही. काकांनी मात्र आधी त्या दाराकडं पाहिलं आणि मग पत्ते पसरले. "ओढा," म्हणाले.

मला दुर्री आली. काकांचा चेहरा सैल झाला. तो मी पाहिला, आणि रुपया हरल्यापेक्षा ते जास्त लागलं. त्याच्या पुढच्या रविवारी तिर्री. पुन्हा दार. तरी मी दर वेळी म्हणायचो, "चला, ओढू."

तिसऱ्या रविवारी मला एक्का आला, सगळ्यात लहान पत्ता कंपाउंडरला. तो उठला आणि दारात जाऊन बसला. मी भिंतीला पाठ लावली. दुसऱ्याच डावात हातात दहाची जोडी. कंपाउंडरनं चाल केली, दुकानदारानं पत्ते टाकले, ग्रामसेवकानं एकदम दुप्पट केली. तो भित्रा गडी, उगाच दुप्पट करणारा नव्हता. मी सगळं ऐकलं आणि जोडी खाली ठेवली. काकांनीही टाकले. कंपाउंडरनं पैसे भरून शो मागितला, म्हणजे पत्ते उघडायला लावले. ग्रामसेवकाकडं रंग निघाला, तिन्ही पत्ते बदामाचे, कुठल्याही जोडीला भारी. दीड वर्षात पहिल्यांदा ती जोडी माझा एकही पैसा न घेता गेली. मी बिनडोक नव्हतो. इतका आनंद झाला की काय सांगू.

तेवढ्यात आतलं दार वाजलं. काकूंनी ट्रे बाहेर केला, मला पाहिलं, क्षणभर थांबल्या. मी हात पुढं केले. त्यांनी ट्रे दिला.

पहिला कप मी काकांपुढं धरला. त्यांनी पिसायला घेतलेले पत्ते खाली ठेवले नाहीत. ग्रामसेवक खाली बघायला लागला. माझा हात तसाच पुढं होता.

मी म्हणालो, "घ्या काका. अव्वल मान तुमचा."

काकांनी पत्ते ठेवले, कप घेतला आणि माझ्याकडं न बघता घोट घेतला.