दाढ भाजली त्या दिवशी

भिकू कशाला म्हणून घाबरत नाही, असं आमच्या वाडीत कुणीही सांगेल. त्यांचं ऐकू नका. मी त्याला घाबरलेला पाहिलाय, आणि तो एका दीड किलोच्या सशापायी.

ससा म्हटलं की तो मला अजूनही सुधारतो. ससा नव्हे, कणी. मादी होती, पांढरीशुभ्र, आणि आली तेव्हा इतकी लहान की तांदूळ पाखडल्यावर सुपात राहते ती कणीच. म्हणून हे नाव. कणी आता नाही. भिकूला लिहायचा कंटाळा, म्हणून हे काम माझ्याकडे आलं.

भिकू आणि मी एका वयाचे, दोघंही सत्तरी ओलांडलेले. दापोलीहून हर्णेला जाणाऱ्या रस्त्याच्या आत आमची बौद्धवाडी आहे. चौथीपर्यंत आम्ही एका बाकावर होतो. पुढे मी शिकत गेले, बी.एस्सी. झाले, एकतीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलं. तो मुंबईला गोदीत गेला आणि पाठीवरून गोणी वाहायला लागला. एकदा गोणीचा आकडा तळहातातून आरपार गेला, तो त्याने स्वतःच उपसून काढला आणि पाळी संपवून मग इस्पितळात गेला. ही हकीकत त्याने मला कधी सांगितली नाही, त्याच्या बायकोने सांगितली. बायको गेली तेव्हाही मी त्याला रडताना पाहिलं नाही. घरात साप निघाला की वाडी भिकूला हाक मारते आणि तो जेवता जेवता उठून जातो.

कणीला आणलं त्याच्या मुलीने, दर्शनाने. ती बदलापूरला राहते. इमारतीतल्या लोकांनी तक्रार केली म्हणून ती पंधरा दिवसांसाठी ससा ठेवून गेली. त्या पंधरा दिवसांची सहा वर्षं झाली. पहिल्या आठवड्यात भिकूने पिंजरा माळ्यावर टाकला. कणी घरभर फिरायची. मोबाईलच्या चार्जरच्या तीन वायरी तिने कुरतडल्या. भिकू टीव्हीपुढे बसला की ही त्याच्या पायांवर अंग टाकायची आणि दात हळूहळू करकरवायची. ते ऐकू यावं म्हणून हा टीव्हीचा आवाज बंद करायचा. नुसती हलणारी चित्रं बघत बसलेला म्हातारा आणि त्याच्या पायांवर ससा. मी त्याला वेडा म्हणायचे. तोंडावर म्हणायचे. माझी सवयच ती.

आता त्या दिवसाचं सांगते. तीन वर्षांपूर्वीचा एप्रिल. आमच्याकडे दाढ म्हणजे भाताचं रोप टाकायची जमीन. पावसाळ्याआधी तिच्यावर शेण, तोडलेल्या फांद्या, पातेरा म्हणजे वाळका पाला, यांचे थर रचायचे, वर माती भुरभुरायची आणि वारा पडलेला असताना सकाळीच पेटवायचं. याला दाढ भाजणं म्हणतात. वरून नुसती राख दिसते, आत दिवसभर विस्तव असतो. भिकूने पहाटेच दाढ भाजली होती. घराला लागूनच आहे ती. नऊच्या सुमाराला तो पाणी प्यायला आत आला, दार लोटायचं राहिलं, आणि कणी बाहेर पळाली.

मी माझ्या पडवीत भाजी निवडत होते. सशाचा आवाज मी तोवर कधी ऐकला नव्हता. ससा ओरडतो हेच मला माहीत नव्हतं, विज्ञानाची बाई असून. लहान मुलाने किंचाळावं तसा आवाज आला. धावत गेले तर भिकू राखेत मधोमध उभा, कणीला छातीशी धरून, आणि त्याला पुढे पाऊल टाकायचं सुचत नव्हतं. मी हाताला धरून त्याला बाहेर ओढला. कणीचे चारही तळवे भाजले होते. डोळे बाहेर आल्यासारखे, पोट भराभर हलत होतं. आणि भिकूचे ओठ पांढरे पडले होते. "मरंल काय गो?" एवढंच विचारत होता. मला त्याच्याकडे बघवेना.

फोन मी केला. दापोलीत जनावरांचा दवाखाना चालवणारा एक तरुण डॉक्टर आहे, विनीत, लातूरकडचा. तो कुठेतरी लांब अडलेल्या म्हशीजवळ होता, संध्याकाळपर्यंत सुटणार नव्हता. आवाज तुटत होता. मी जन्मभर पोरांची बोली सुधारली. पण त्या घटकेला माझ्या तोंडून निघालं ते असं: "ससा आहे. सकाळी दाढ भाजली. पायपण भाजलेत."

त्याने विचारलं, काही गरम खाल्लं का. मी म्हटलं, खाईल कुठून, नुसती थरथरतेय, काय करायचं ते लवकर सांगा. त्याने सांगितलं, पायांवर गार पाणी सोडा, अमुक मलम लावा, आणि उद्या सकाळी दाखवायला आणेपर्यंत तोंडात काहीही देऊ नका. ओठांवरून पाण्याचे थेंब तेवढे सोडा. तो पुढे काहीतरी विचारत होता. मला कळायचं ते कळलं होतं. मी फोन ठेवला.

पाण्याने आणि मलमाने पायांची आग शांत झाली. दुपारी कणी टोपलीत उठून बसली. भिकूने कोथिंबिरीची काडी तिच्या नाकाजवळ धरली, तिने नाक हलवलं, मान पुढे केली. मी ती काडी त्याच्या हातातून काढून घेतली. डॉक्टरने नको सांगितलंय तर नको, म्हटलं. भिकूने माझ्याकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. संध्याकाळी त्याने पुन्हा काडी आणली. मी पुन्हा रागावले. प्रेम करायचं तर अक्कल ठेवून करावं, असंही बोलले. रात्री घरी जाताना सगळी कोथिंबीर आणि मुळ्याचा पाला मी माझ्याबरोबर घेऊन गेले. त्याचा भरवसा नव्हता मला.

सकाळी गेले तर कणी आडवी पडलेली. कान गार. पोट हाताला घट्ट लागत होतं, ढोलकीसारखं. मी परत आणलेल्या कोथिंबिरीकडे बघेना. टोपलीतल्या फडक्यावर एकही लेंडी नव्हती. भिकू रात्रभर तिच्या शेजारी जमिनीवर बसलेला दिसत होता. मी रिक्षा बोलावली. दापोलीपर्यंत तो तिच्या पोटावर हात ठेवून होता आणि दर वळणावर मला विचारत होता, हलतंय ना पोट, बघ गो, हलतंय ना. मी हात लावून पाहिलं, रिक्षाच्या धक्क्यांत मला काही कळेना. मी हलतंय म्हणाले.

डॉक्टरने तिचं तोंड उघडून बॅटरी मारली. या बाजूने पाहिलं, त्या बाजूने पाहिलं. म्हणाला, "दाढा तर चांगल्या आहेत. भाजलंय कुठे?"

भिकू खाली फरशीकडे पाहत होता.

मग मी सांगितलं, दाढ म्हणजे शेतातली. त्याला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा तो हसला नाही, हे त्याचं चांगलं. त्याने सांगितलं की सशाचं आतडं सतत चालू लागतं. काही खाल्लं नाही की ते थांबतं, आणि एकदा थांबलं की ससा दिवसा-दोन दिवसांत जातो. तोंड भाजलेलं असतं तरी इतका वेळ उपाशी ठेवायला नको होतं, गाईम्हशींच्या हिशेबाने बोलून गेलो, तीही चूक झाली, म्हणाला. इंजेक्शन दिलं. पाला वाटून पातळ करून पिचकारीने दर तासाला थोडा थोडा भरवा, पोट चोळा, संध्याकाळपर्यंत लेंडी पडली तर आशा धरा. निघताना त्याने भिकूला थांबवलं आणि बाकावर बसवून त्याचे पाय वर घेतले. दोन्ही तळव्यांना फोड आले होते. कालपासून तो तसाच चालत होता. मी तळव्यांकडे पाहिलंच नव्हतं.

परतताना टोपली मी मांडीवर घेऊन बसले. जिवंत जनावर मी उपाशी ठेवलं होतं, समोर अन्न असताना, माझ्या हुकमाने.

ओटीवर कणीला मांडीवर घेऊन भिकू बसला, मी पाला वाटून पिचकारी भरत होते. पहिला घास तिने बाहेर सोडला. दुसराही. बारा वाजले, एक वाजला, फडकं कोरडंच. तिच्या पोटात कसला आवाजही नव्हता, मी कान लावून पाहिलं. दोन वाजता मला राहवेना.

"भिकू, माझी चूक झाली. डॉक्टरला माझं बोलणं कळलं नाही आणि मी त्याला विचारू दिलं नाही."

तो पोट चोळत होता. हात थांबला नाही.

"मना कालच वाटला हुता," तो म्हणाला. "तू फोनवर बोललीस तवाच. डॉक्टर घाटावरचा, त्याला दाढ काय कळनार."

"मग बोलला का नाहीस?"

"तुला कोन सांगनार, प्रभाबाय?" तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "मना तुझी भीती वाटते."

लोकांनी मला तुसडी म्हटलंय, फटकळ म्हटलंय, आणि मी ते मिरवलंय. पण सापाला हाताने धरणारा माणूस, समोर आपलं लेकरू उपाशी, हातात कोथिंबीर, आणि तो माझ्या भीतीने हात मागे घेतो. कणी गेली असती तर त्याने मला तेव्हाही काही म्हटलं नसतं, हे मला तिथेच कळलं, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

मी पिचकारी पुढे केली. भिकूने माझं मनगट धरलं.

"आशी नको," तो म्हणाला. "घशात सरळ सोडतीस तू, म्हनून थुकते ती. गालात सोड. आडवी धर. आनि दमान."

मी आडवी धरली. दमाने सोडलं. कणीचा गाल हलला. एकदा, मग पुन्हा. तिने गिळलं. भिकूने दुसरा घास सांगितला, मी दिला. थांब म्हणाला तेव्हा थांबले. अशी पाच वाजेपर्यंत मी त्याच्या सांगण्याबरहुकूम पिचकारी धरली आणि उघडायला आलेलं तोंड मिटून ठेवलं. मोजून सांगायचं तर चार वेळा.

सव्वापाचला फडक्यावर तीन लेंड्या पडल्या, मोहरीपेक्षा थोड्या मोठ्या. आम्ही दोघं वाकून त्या बघत राहिलो. भिकूने एक बोटाने दाबून पाहिली, ओली आहे का म्हणून. मग तो भिंतीला टेकला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पुसायचंही त्याच्या ध्यानात राहिलं नाही.

त्यानंतर कणी तीन वर्षं जगली. मागच्या एका पायाच्या तळव्यावर केस पुन्हा आले नाहीत. भिकूने दाढ भाजणं सोडलं. न भाजता रोप टाकतो, तण जास्त येतं, वाडी हसते. मीही हसले असते. आता त्याला विचारते, तण काढायला येऊ का, आणि तो नको म्हणाला तर जात नाही.