कॉकपिटातला मोरपंखी

रंगाच्या डबीचं झाकण एकदा उचकटलं की पुन्हा नीट बसत नाही. आमच्या मंडळींच्या किश्श्यांचंही तेच आहे, एक सांगायला जावं तर चार सांडतात. आणि प्रत्येक किस्सा आठवला की माझं डोकं नव्यानं फिरतं.

सिरसाळ्यात माझं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. रविवारी दुपारी शटर अर्धं ओढून आम्ही चौघं तिथं प्लास्टिकची विमानं जोडतो, तीही फक्त दुसऱ्या महायुद्धातली रशियन फायटर. मी, पेंटचं दुकान असलेले अप्पा, तेलगावचा ऊसवाला दत्ता आणि हवाई दलातून मेकॅनिक म्हणून रिटायर झालेले नाना. आमचं एकमत फक्त चहावर होतं. पायलट बसतो त्या कॉकपिटाचा आतला रंग कोणता, यावरून आम्ही जेवढे भांडलोय तेवढे सख्खे भाऊ बांधावरून भांडत नसतील.

यंदा नानांच्या मुलीनं परदेशातून 'याक' नावाच्या रशियन फायटरचा किट पाठवला. नानांच्या डोळ्यांचा पडदा गेलाय, आता सुधारणार नाही असं डॉक्टरांनी सांगून टाकलंय. म्हणजे हे नानांच्या हातचं शेवटचं विमान. निदान त्याचा रंग तरी बरोबर लागावा, एवढंच माझं म्हणणं होतं. तेवढंही कोणी सुखानं होऊ देईल तर शपथ.

*

आधी आला माझा मेव्हणा. मी अर्धा तास रंग कालवतोय हे बघून म्हणाला, "दाजी, काच बसविल्यावर आतलं कुणाला दिसतंय? कशाला जीव काढायलात?"

असल्या प्रश्नानं माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मी म्हटलं, "मग शर्टाच्या आतलं बनियन फाटकं असलं तर चालतं का?"

"फाटकंच हाय की," तो म्हणाला, आणि वरची दोन बटणं काढून त्यानं दाखवलं.

त्या दिवशी मी त्याला चहा विचारला नाही.

*

युद्धातल्या या विमानांचं कॉकपिट बहुतेक राखाडी, कुठं धातूला पिवळट हिरवा प्रायमर. हा राखाडी आमच्याकडं तयार मिळत नाही. पोळ्याच्या आधी बैलांची शिंगं रंगवायला ऑइल पेंटच्या छोट्या डब्या बाजारात येतात, त्याच आम्ही वर्षभराच्या घेऊन ठेवतो. पांढऱ्यात काळा, मग काडीच्या टोकानं निळा. यंदा पोळ्याच्या तोंडावर असा राखाडी जमला की आनंदानं मला रात्रभर झोप आली नाही! ती डबी मी दत्ताकडं दिली, कारण नानांच्या याकच्या शेपटीचा आतला भाग रंगवायला त्याच्याकडं होता.

पोळा झाला. दत्ता रिकामी डबी घेऊन आला. त्याच्या भावानं घरात डबी बघितली आणि बैलाची शिंगं रंगवून टाकली. सगळ्या तेलगावात लाल-सोनेरी शिंगं, आणि यांचा बैल रशियन फायटरचा राखाडी लावून मिरवणुकीत.

मी फोनवर भावाला झापझाप झापलं. तो उलट माझ्यावरच घसरला. "कसला रंग बनविता ओ तुमी? लोकं इचारायलेत, बैल म्हातारा झालाय का म्हणून!"

पण तो रंग पुन्हा काही केल्या जमेना. शेवटी मी तेलगावला गेलो आणि गोठ्यात उभा राहून शिंगाला कागद लावून शेड जुळवली. बैलानं एकदाच मान हलवली. त्या जखमेचं कारण डॉक्टरला सांगताना मला लाज वाटली.

*

एवढं झाल्यावर माझा तो शेडचा कागद बघून अप्पा म्हणाले, "दुकानात माझं शेड मशीन कशाला हाय? एका मिनटात कालवून देतो." मशीननं एका लिटरच्या खाली द्यायचं नाकारलं. शेड आली 'जवळपास'. जवळपास! या शब्दानं मला जेवढा त्रास दिलाय तेवढा जळक्या मोटारींनी दिला नाही.

एवढ्या पेंटचं करायचं काय, म्हणून अप्पांनी घरचं संडास रंगवलं. सिरसाळ्यात कुणाला फायटरच्या कॉकपिटात बसायची हौस असेल, तर अप्पांकडं चौकशी करावी.

*

खरी आग लावली नानांनी. त्यांची नोकरी गेली नंतरच्या रशियन जेटांत, आणि त्या जेटांचं कॉकपिट आतून मोरपंखी असायचं. म्हणून नानांच्या हिशोबानं रशियाचं जे जे उडतं ते आतून मोरपंखी.

मी म्हटलं, "नाना, तुमचं जेट लई नंतरचं. ह्या याकला राखाडीच पाहिजे."

"तू फोटो बघितलेत बे. मी आत बसून पुसलंय."

"दुसऱ्या विमानात पुसलंय!"

"माझं शेवटलं विमान हाय, का तुझं?"

यावर गप्प बसावं इतकं मला कळायला हवं होतं. मी म्हटलं, "शेवटलं हाय म्हणून चुकीचं करायचं का?" नाना काठी घेऊन उठले आणि तीन रविवार आले नाहीत. मला राग नानांचा होता, त्यांच्या डोळ्यांचा होता, त्या डॉक्टरचाही होता. काढायचा कुणावर, म्हणून दत्ताला बोलून घेतलं.

*

चौथ्या रविवारी नाना आले. बोटांनी चाचपत त्यांनी सगळं विमान जोडलं, एक सांधा चुकला नाही. फक्त कॉकपिट रंगवायला माझ्याकडं दिलं. "माझाच रंग दे," एवढंच म्हणाले.

मी राखाडी दिला. बरोबर ते बरोबर! तोंडावर सांगायची पूर्ण तयारी ठेवली होती.

काच बसवायच्या आधी नानांनी विमान मागून घेतलं. दारात जाऊन उन्हात धरलं, पार डोळ्याला टेकवलं. आधी एका डोळ्यानं बघितलं, मग दुसऱ्या.

"हाच," ते म्हणाले. "मी हितंच बसायचो. मोरपंखीच हाय ना रं?"

दत्तानं माझ्याकडं बघितलं. अप्पांनी चहाचा कप खाली ठेवला.

"मोरपंखीच हाय, नाना," मी म्हटलं.

अप्पांनी कप पुन्हा उचलला. "हाय मोरपंखी, पण जरा गडद झालाय."

"गडद?" नाना तिथूनच गरजले. "कशाचा गडद? तुला काय कळतंय बे रंगातलं!"