डब्यातली वेळ

रश्मी ओव्हाळ चहा बशीत ओतून पिते, आणि बशी लॅपटॉपपासून हातभर लांब ठेवते. पासवर्ड टाकताना खोलीत कुणी नसलं तरी दाराकडं पाठ करते. नवी सेटिंग केली की वहीत पेन्सिलीनं लिहिते आणि तारीख घालते. काम झालं का विचारलं तर ‘झालं’ म्हणत नाही, ‘चाललंय’ म्हणते. मोठ्या माणसाचा फोन आला की उठून उभी राहते.

अनुपमाला हे सगळं पाठ होतं. दोघी वडगाव रासाईच्या, शाळेत एका बाकावर बसलेल्या. पुढं अनुपमानं मराठीत एम.ए. केलं. रश्मीनं डिप्लोमा केला आणि बुद्धवस्तीतल्या आपल्या घरातूनच पुण्यातल्या एका कंपनीचं काम करू लागली. काम काय, ते तिची आई चांगुणाबाई सांगायची, “ती दुसऱ्यांचं कॉम्प्युटर नीट लावून देती.” यापेक्षा सोपं रश्मीलाही सांगता आलं नसतं.

गावाच्या उपसा सिंचन संस्थेचं काम त्यावरूनच तिच्याकडं आलं. भीमेच्या काठाला संस्थेची खोल विहीर आहे, तिला जॅकवेल म्हणतात. वर पंपघरात पन्नास हॉर्सपॉवरची मोटर आणि तिचा स्विच. कुणाच्या शेताला कधी पाणी, ती पाळी एक प्रोग्रॅम ठरवायचा आणि मोटरही तोच चालू-बंद करायचा. पण ऑफिसातला कॉम्प्युटर बदलला की प्रोग्रॅम रुसायचा. रश्मीनं तो कंटेनरमध्ये घातला.

“आप्पा, हा डबा समजा,” तिनं चेअरमन आनंदरावांना सांगितलं होतं. “प्रोग्रॅमला लागतं ते सगळं आतच. कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडा, तसाच चालणार.”

“आन् डबा गळला म्हंजी?”

“नाही गळत, आप्पा.”

“बघ बाई. न्हाईतर ऊसवाले मला डब्यात घालत्याल.”

सगळे हसले. रश्मी हसली नाही. परत येताना अनुपमाला म्हणाली, “दुसऱ्या कुणाचं चुकलं तर पोरगं चुकलं म्हणतील. माझं चुकलं तर वस्तीचं नाव निघेल.”

मंगळवारी संध्याकाळी तिनं डबा चालू केला. बाहेरून कुणी शिरू नये म्हणून संस्थेच्या कॉम्प्युटरकडं जाणारी वाट बंद केली. आता त्याला फक्त ऑफिसात बसूनच हात लावता येणार होता. नोंदी तेवढ्या तिच्या लॅपटॉपवर येत राहतील अशी सोय ठेवली.

बुधवारी सकाळी सहा ते दहा अशी पाळी होती. सहाला मोटर लागली नाही. सव्वासहाला ऑपरेटर हनुमंतमामांचा फोन आला.

“जलपर्णी आडकली असंल पाइपाच्या जाळीत. पाणी वढलं न्हाई की ह्ये नवं पॅनेल मोटर उचलतच न्हाई.”

रश्मीनं स्क्रीन पाहिली. सगळं हिरवं, म्हणजे प्रोग्रॅम ठीक होता.

“व्हय मामा, जाळीच बघा,” ती म्हणाली.

अनुपमा आली तेव्हा अकरा वाजून गेले होते. चांगुणाबाई चहा ठेवून शेजारी गेल्या. रश्मी नोंदी वाचत होती. वाचता वाचता थांबली.

“अनु, किती वाजले?”

“अकरा नऊ.”

“नीट बघ.”

“अगं अकरा नऊच. का?”

रश्मीनं लॅपटॉप तिच्याकडं वळवला. शेवटच्या नोंदीपुढं पाच एकोणचाळीस लिहिलं होतं.

“डबा भारतात आहे, हे मी त्याला सांगितलंच नाही,” रश्मी म्हणाली. आवाज अगदी हळू. “न सांगितलं तर तो जगाची वेळ धरतो. आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. त्याचे सहा अजून वाजायचेत.”

“मग?”

“साडेअकराला वाजतील. मोटर लागेल.”

अनुपमाला तरी समजेना. उशिरा का होईना, पाणी येणार होतं. मग रश्मी म्हणाली, “सकाळी मीच मामांना जाळी बघा म्हटलं. ते विहिरीत असतील.”

मामांना फोन लावला. नुसता वाजत राहिला. आनंदरावांना लावला. रश्मी उठून उभी राहिली.

“हनुमंता? उतरलाय की जॅकवेलमदी,” आनंदराव म्हणाले. “मी आन् सचिव दौंडला हाय मिटिंगला. का गं?”

“ऑफिसची किल्ली?”

“आमच्यापाशी. काय झालं?”

तिनं फोन ठेवला. लॅपटॉपवरून आत जायचा प्रयत्न केला. वाट बंद. परत केला. तिनं स्वतः बंद केलेली वाट, चांगली पक्की होती.

“गाडी काढ,” ती म्हणाली.

नदीपर्यंत अडीच किलोमीटर, दोन्हीकडं ऊस, मधे ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या. स्कूटी दोनदा घसरली. मागं बसलेली रश्मी काही बोलत नव्हती, फक्त मिनिटं सांगत होती. अकरा सतरा. अकरा एकोणीस. अनुपमाला तिला गप्प बस म्हणायचं होतं. तिनं नुसती मूठ पिळली.

पंपघराला कुलूप होतं. किल्ली मामांच्या करदोट्याला, आणि मामा वीस फूट खाली, छातीएवढ्या पाण्यात. जाळी सोडवून बाजूला ठेवलेली. पाइपाच्या तोंडात खांद्यापर्यंत हात घालून ते जलपर्णी ओढत होते.

“मामा, वर या!”

“आलीस व्हय? ये, तूबी उतर. निम्मंच राह्यलंय.”

“मोटर लागणार आहे!”

“आता कशाची लागती? पाळी कवाच सरली.”

“मामा, माझं चुकलंय!” रश्मी किंचाळली. “पाया पडते, वर या!”

मामांनी मान वर करून पाहिलं. हात बाहेर काढला. शिडीच्या पायऱ्या शेवाळलेल्या होत्या, ते एकेक चाचपत चढले. अनुपमानं मनगट धरून त्यांना काठावर ओढलं. पाणी निथळत होतं. “एवढं काय पेटलंय,” असं ते म्हणतायत तोवर पंपघरात खट्ट वाजलं. मग घरघर. खाली सोडलेली जलपर्णी गोल फिरली आणि पाइपात गेली.

रश्मीनं घड्याळ पाहिलं. साडेअकरा.

“तुझ्या मोटरीचं आत्ता सहा वाजलं व्हय गं?” मामा म्हणाले. हसायला गेले, ते जमलं नाही. खाली बसले. “जुन्या स्टार्टरला फ्यूजच्या ग्रिपा व्हत्या. उतरायच्या आदी काढून खिशात घालायचो. खिशात ग्रिप हाय म्हंजी मोटर मेली. ह्या पॅनेलला काढून घ्यायला कायबी ठिवलेलं न्हाई.”

रश्मीनं ते दोनदा विचारून घेतलं.

संध्याकाळी तिनं आनंदरावांना सगळं स्वतःच सांगितलं. जाळी बघा असं आपणच म्हणालो, हेसुद्धा. ते म्हणाले, “सगळं नीट हुईस्तवर मोटर हातानंच चालू-बंद करू द्या हनुमंताला.” वस्तीचं नाव निघालं नाही. निदान तिच्यासमोर नाही.

वेळेची चूक एका ओळीत दुरुस्त झाली. पंपघरात लावायच्या सूचना मात्र तिनं तीन दिवस लिहिल्या, आणि भाषा बघायला अनुपमाकडं दिल्या. विहिरीत उतरण्याआधी मेन स्विच बंद करून त्याला कुलूप घालावं. त्या कुलपाची एकच किल्ली असावी. ती उतरणाऱ्याच्या खिशात असावी. पाळीच्या तक्त्यावर विसंबू नये.

अनुपमानं दोन ठिकाणी शब्द बदलले. कागद उलटला. मागं रश्मीनं पेन्सिलीनं मथळा घातला होता, ‘मोटर पुन्हा ऑटोवर टाकताना’. खाली ‘१.’ एवढंच होतं, त्याच्यापुढं काही नव्हतं.

त्याला आता चार महिने झाले. सूचनांची नक्कल पंपघरात लागली; मूळ कागद अनुपमाकडंच आहे, मागची बाजू तशीच. मोटर हनुमंतमामा हातानं लावतात.