एक वीत नवा रंग

आमच्या किनवटकडे ओरिजिनल म्हणजे डब्यातून नुकतं काढलेलं, नवंकोरं. सातवीनंतर माझी शाळा सुटली ती सुटलीच, पण हा एक इंग्रजी शब्द आपल्याला येतो, असं मी धरून चाललो होतो.

मुलुंडला मी एका बाईंकडे बऱ्याच वर्षांपासून ड्रायव्हर आहे. ओळखदेख नसताना त्यांनी गॅरेजमागची खोली दिली, म्हणून या शहरात टिकलो. गॅरेजात त्यांच्या यजमानांची जुनी अमेरिकन गाडी आहे. लांबच लांब, मागे माशासारखे पर, स्टिअरिंग डावीकडे. यजमान वारल्यापासून ती नुसती चालू करून बंद करायची. यंदा बाईंनी विकायला काढली. म्हणाल्या, "रविवारी एक जण बघायला येतायत. जुन्या गाड्या जमवतात. त्यांना सगळं ओरिजिनल लागतं हां."

गाडी चालवताना यजमान डाव्या दारावर कोपर टेकवायचे. तिथला रंग वीतभर उडून पत्रा दिसत होता. पाहुणे येणार आणि दाराची ही दशा! भांडुपहून फिकट निळा रंग जुळवून आणला आणि शनिवारी दुपारभर बसून लावला. झकास जमला होता.

रविवारी ते गृहस्थ आले. फाटकी सीट बघून "वा!" म्हणाले. चाकावरचा गंज बघून तर चेहराच खुलला. मला काही कळेना. मग त्यांनी दारावर बोट फिरवलं.

"हे कोणी केलं?"

"मी, साहेब. कालच. ओरिजिनल केलं."

"बाई, वाट लावली हो ह्यानं!"

खोली गेली आपली, एवढंच डोक्यात.

"तुला कोणी सांगितलं रे रंगवायला?" बाईंनी विचारलं.

"तुम्हीच ना, बाई. ओरिजिनल लागतं म्हणालात."

बाई तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. गृहस्थ हसले नाहीत. म्हणाले, "ओरिजिनल म्हणजे कुणी हात न लावलेलं."

"मग पुसून काढू का, साहेब?"

"नको! आता काही म्हणजे काही करू नका. धूळसुद्धा पुसू नका."

गाडी घ्यायची की नाही ते ठरवण्याआधी, दुसऱ्या शौकिनांना दाखवायला त्यांना गाडीच्या चांगल्या-वाईटाची यादी हवी होती. बाईंनी कागद माझ्यापुढे सरकवला. "लिही. तुझं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे." गृहस्थ सांगत गेले. चांगल्या बाजूला लिहिलं: सीट फाटकी, गंज जुना, रंग विटलेला. वाईट बाजूला एकच ओळ: डावं दार, एक वीत नवा रंग.

गृहस्थ गेल्यावर विचारलं, "बाई, मी राहू ना?"

"राहशील नाहीतर कुठे जाशील? यादीत चांगल्या बाजूला तुला लिहायचं राहिलं बघ," बाई म्हणाल्या. "तूही जुनाच, आणि कुणी दुरुस्त न केलेला."

ही शाबासकी होती की बोलणी, मला अजून उमगलेलं नाही. पण खोलीची किल्ली माझ्याकडेच आहे.